मशीन पॉलिशनं रंग जळतो का?

"गाडीला मशीन लावू नकोस, रंग जळतोय." कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी कामाला सोडा नाहीतर रंकाळ्यावर चार मित्रांत विषय काढा, हा सल्ला मिळतोच. तो आलाय जुन्या रोटरी मशीनवरून, आणि तिच्यापुरता खराही आहे. रोटरी एकाच आसाभोवती गरगर फिरते. एका जागी जास्त थांबली की उष्णता साठते आणि रंग खरंच जातो.

ड्युअल अ‍ॅक्शन या दुसऱ्या प्रकारच्या पॉलिश मशीनचं तसं नाही. तिचं पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी साधारण 8 ते 21 मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळात हलतं. बहुतेक मशीनींत जोर जास्त दिला तर हे फिरणंच थांबतं. पॅडमागच्या प्लेटवर मार्करनं रेघ ओढून बघा. रेघ फिरताना दिसली तर दाब बरोबर. एका जागी थरथरायला लागली तर हात हलका करा.

म्हणून वाट्टेल तसं घासायचं का? मुळीच नाही. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि पॉलिश त्यातलाच काही भाग काढतं. धूळ कोरड्या फडक्यानं पुसून बॉनेटवर पडलेलं, उन्हात चमकणारं बारीक ओरखड्यांचं जाळं पॉलिशनं निघतं. पण दर सणाला हौस म्हणून हे करू नका. कडांवर थर पातळ असतो, तिथं आधी टेप लावा.

आणि उसाच्या ट्रॉलीनं घासलेला, नख अडकणारा ओरखडा? तो पॉलिशनं जात नाही. कुणी तसं सांगत असेल तर पैसे देऊ नका.