परग्रहाला बोले, अमेरिकेला लागे

१९५०च्या दशकात अमेरिकेत टीव्हीवरचं नाटक वाहिनीपेक्षा प्रायोजकाचं जास्त असे. कार्यक्रमांची नावंच बघा: ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’, ‘युनायटेड स्टेट्स स्टील अवर’. कंपनी अख्खा तास विकत घ्यायची आणि तिची जाहिरात एजन्सी संहिता ओळ न् ओळ तपासायची. रॉड सर्लिंग हा त्या काळातला नावाजलेला टीव्ही नाटककार. त्याच्याकडे या तपासणीचे भरपूर किस्से होते. प्रायोजक रॉन्सन लायटर असल्यामुळे ‘काडी आहे का?’ हा साधा संवाद कापला गेला. फोर्डच्या पैशातून चाललेल्या नाटकाच्या नेपथ्यात न्यूयॉर्कच्या इमारती रंगवल्या होत्या, तर त्यातली क्रायस्लर इमारत पुसायला लावली. १९५९मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यावरच्या नाटकात तर कहरच झाला. प्रायोजकांत अमेरिकन गॅस असोसिएशन होती, म्हणून छळछावण्यांचा विषय निघाला की ‘गॅस’ शब्दापुरता आवाज बंद!

या हास्यास्पद प्रकारांच्या तळाशी खरी भीती होती. १९५०मध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची पुस्तिका निघाली. कम्युनिस्टांशी लागेबांधे असल्याचा संशय घेऊन तिच्यात रेडिओ-टीव्हीवरच्या १५१ जणांची नावं छापली होती. पुरावा मागायच्या फंदात कुणी पडलं नाही, नाव आलं की काम बंद. सिराक्यूज शहरात लॉरेन्स जॉन्सन नावाचा सुपरमार्केटवाला होता. ज्या कंपन्या ‘असल्या’ कलाकारांना काम देतात त्यांच्या मालाशेजारी आपण तसं सांगणारा फलक लावू, अशा धमक्या तो द्यायचा, आणि मोठमोठ्या कंपन्या एका दुकानदारापुढे नमायच्या. योगायोग असा, की सर्लिंगचा जन्म याच सिराक्यूजचा, १९२४ सालचा. दुसऱ्या महायुद्धात तो छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपिन्समध्ये लढला होता. पण या लढाईत समोर शत्रूच दिसत नव्हता.

ऑगस्ट १९५५मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. खटल्यात ज्युरी सगळी गोऱ्यांची. दोन्ही आरोपी सुटले, आणि काही महिन्यांतच त्यांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुलीही देऊन टाकली. सर्लिंगला यावर नाटक लिहायचं होतं. टीव्हीची रीत ठाऊक असल्यामुळे त्याने आधीच माघार घेऊन मारला जाणारा माणूस म्हातारा ज्यू सावकार केला होता. तरी हे नाटक टिल प्रकरणावर आहे ही बातमी फुटली. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिल संघटनांनी बहिष्काराच्या धमक्या दिल्या आणि ‘यू. एस. स्टील’च्या बाजूने कात्री चालू झाली. गाव उचलून न्यू इंग्लंडात नेलं. मेलेला माणूस झाला कुठलासा अनामिक परदेशी. खुनी झाला क्षणभर वाट चुकलेला भला मुलगा. कोका-कोलाची बाटली पाहून दक्षिणेची आठवण येते म्हणून तीही हटवली. एप्रिल १९५६मध्ये ‘नून ऑन डूम्सडे’ प्रक्षेपित झालं, तेव्हा त्यात टिलचा मागमूस उरला नव्हता. १९५८मध्ये सर्लिंगने हाच विषय ‘प्लेहाउस ९०’ या नाट्यमालिकेसाठी पुन्हा घेतला. या वेळी मुलगा मेक्सिकन केला आणि काळ नेला १८७०च्या सुमाराचा.

दरम्यान ‘दि अरीना’ या सिनेटवरच्या नाटकात त्याला सिनेटरांच्या तोंडी त्या वेळचा एकही खरा मुद्दा घालता आला नव्हता. सिनेटर बोलणार, पण कशावर ते प्रेक्षकाला कळता कामा नये! पुढे त्याने वैतागून लिहिलं, की हे नाटक शंभर वर्षं पुढे नेऊन सभागृह यंत्रमानवांनी भरलं असतं तर जास्त खरं झालं असतं. माझ्या मते ‘द ट्वायलाइट झोन’ या त्याच्या अद्भुत विज्ञानकथांच्या मालिकेचं बीज इथे आहे. सप्टेंबर १९५९मध्ये मुलाखतीला बसला तेव्हा मात्र त्याचा सूर वेगळाच होता: आपण आता भांडणार नाही, वादाचे विषय हाताळणार नाही. २ ऑक्टोबरला मालिका सुरू झाली, आणि हे किती खरं ते पुढच्या पाच हंगामांत दिसलं. १५६ भागांपैकी ९२ त्याने स्वतः लिहिले.

मार्च १९६०मधला ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग घ्या. छोट्याशा गल्लीतली शनिवारची संध्याकाळ. आकाशात काहीतरी चमकून जातं, पाठोपाठ दिवे, फोन, गाड्या सगळं ठप्प. एक पोरगा वाचलेल्या गोष्टींच्या भरवशावर म्हणतो, परग्रहवासी आधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पेरून ठेवतात. झालं. एकाची गाडी आपोआप सुरू होते, तो संशयित. शिवाय तो रात्री झोप येत नाही म्हणून अंगणात उभा राहून आकाश बघतो, तर शेजाऱ्यांनी हेही लक्षात ठेवलेलं असतं. दुसऱ्याच्या तळघरात रेडिओ संच असतो, मग तो कुणाशी बोलतो? शेवटी अंधारातून येणाऱ्या माणसावर गोळी झाडली जाते आणि तो निघतो गल्लीतलाच शेजारी. टेकडीवर बसलेले खरे परग्रहवासी नुसतं बटण चालू-बंद करत असतात, बाकीचं काम माणसंच करतात. जिथे-तिथे कम्युनिस्ट शोधणाऱ्या सिनेटर मॅकार्थीला सिनेटने १९५४मध्येच ठपका दिला होता, पण संशयितांना काम न देण्याची हॉलिवूडची काळी यादी १९६०मध्येही पुरती संपली नव्हती. तरीही या भागात प्रायोजकाला खटकण्यासारखं काही नव्हतं. एजन्सीचा माणूस शब्द तपासायचा, आणि ‘कम्युनिस्ट’ हा शब्द संहितेत नव्हताच.

‘स्टार ट्रेक’ या अंतराळयानावरच्या मालिकेचा जनक जीन रॉडनबेरीही ठेच खाऊनच अंतराळात गेला. १९६४मध्ये त्याच्या ‘द लेफ्टनंट’ या सागरी सैनिकांवरच्या मालिकेतला वर्णद्वेषावरचा भाग एनबीसी वाहिनीने दाखवलाच नाही. सागरी सैनिकांच्या दलात वर्णद्वेष आहे हे संरक्षण खात्यालाही रुचणारं नव्हतं. त्या भागात निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री होती. ८ सप्टेंबर १९६६ला ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली तेव्हा तीच लेफ्टनंट उहुरा म्हणून यानाच्या संदेशकक्षात बसली. पहिल्या हंगामानंतर ती सोडून निघाली होती, पण मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटीत थांबायला सांगितलं, असं ती सांगत असे.

व्हिएतनामवर ही मालिका बोलली, पण नाव न घेता. २ फेब्रुवारी १९६८चा ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’ त्याच आठवड्यातला, ज्या आठवड्यात व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांचं मोठं टेट आक्रमण सुरू झालं. क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतले शत्रू परग्रहवासी, एका मागास ग्रहावरच्या गावकऱ्यांना बंदुका देतात. कप्तान कर्क ठरवतो, की डोंगरातल्या टोळीला आपणही तशाच द्यायच्या, म्हणजे तोल राहील. विसाव्या शतकात आशियात झालेल्या युद्धांचा दाखलाही तो देतो. डॉक्टर मॅकॉय चवताळतो, पण निर्णय बदलत नाही. हा भाग युद्धाच्या विरोधात आहे, असं चाहते सांगतात. मला ते पटत नाही. खिन्न चेहऱ्याने का होईना, तो सरकारचीच बाजू मांडतो. मुखवट्याचा हा तोटाच, ज्याला जे हवं ते त्याने वाचावं.

नोव्हेंबर १९६८मधलं कर्क आणि उहुरा यांचं चुंबन असंच. अमेरिकन टीव्हीवरचं पहिलं आंतरवर्णीय चुंबन म्हणून ते मिरवलं जातं, पण या पहिलेपणाबद्दल वाद आहे. मला त्यातली पळवाट जास्त बोलकी वाटते. कथेत एक परकी शक्ती दोघांना बळजबरीने जवळ आणते, म्हणजे त्यांच्या इच्छेचा प्रश्नच मिटला! आंतरवर्णीय विवाहावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द करून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

ब्रिटनमध्ये बीबीसीला जाहिरातदाराची भीती नव्हती, तरी मुखवटा तिथेही होता. डिसेंबर १९५८मध्ये सुरू झालेल्या ‘क्वाटरमास अँड द पिट’ या मालिकेत माणसाला वंशशुद्धीचं वेड मंगळावरून मिळालेलं दाखवलं होतं. लंडनमधल्या नॉटिंग हिलच्या वांशिक दंगली होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्याच मालिकेतले डालेक हे परग्रही खलनायक १९६३चे, सरळसरळ नाझी वळणाचे. त्या मालिकेच्या पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, मूळचा लखनौचा.

सर्लिंगच्या मालिकेने एकदा मुखवटा उतरवून पाहिला. मे १९६४मधल्या ‘दि एन्काउंटर’मध्ये परग्रह नाही, यंत्रमानव नाही. माळ्यावर दोन माणसं आहेत: एक गोरा माजी सैनिक आणि एक जपानी-अमेरिकन तरुण, ज्याचा बाप पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यात फितूर झालेला दाखवला आहे. अशी फितुरी जपानी-अमेरिकनांनी केल्याचं कधीच सिद्ध झालेलं नाही. तरुणाच्या भूमिकेत होता जॉर्ज टाकेई, पुढचा ‘स्टार ट्रेक’मधला सुलू. लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, तो स्वतः जपानी-अमेरिकनांसाठीच्या अमेरिकन सरकारच्या छावणीत कुटुंबासह डांबला गेला होता. भाग दाखवल्यावर तक्रारी आल्या, आणि मालिकेच्या पुनःप्रक्षेपणातून तो कित्येक दशकं बाहेर राहिला.