मेदेयीनचं फुटबॉल आणि शहराची वाढ

मेदेयीन हे कोलंबियातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर, आबुर्रा नावाच्या अरुंद खोऱ्यात वसलेलं, उंची साधारण १५०० मीटर. मधून नदी, दोन्हीकडे डोंगर, सपाट जमीन काय ती नदीकाठालाच. इथलं फुटबॉल कळायचं असेल तर आधी ही जागेची टंचाई लक्षात घ्या.

१९५१ मध्ये लोकवस्ती साडेतीन लाखांच्या आसपास होती, १९७३ पर्यंत ती दहा लाखांच्या वर गेली. कोल्तेखेर, फाब्रिकातो अशा कापड गिरण्यांनी माणसं ओढली हे खरं, पण गावाकडच्या राजकीय कत्तलींनी घरदार सोडायला लावलेली माणसंही तितकीच, आणि खालची जमीन परवडत नव्हती म्हणून ती चढावर गेली, आधी फळ्या-पत्रे मग विटा मग मजल्यावर मजला. १९८७ मध्ये विल्यातिना वस्तीवर दरड कोसळून सुमारे ५०० माणसं गेली, चढावर राहण्याची किंमत ही अशी.

आतानासिओ हिरार्दोत स्टेडियम १९५३ साली सुरू झालं, नदीच्या पश्चिमेला. त्या बाजूला लोक ओत्राबांदा म्हणायचे, म्हणजे पलीकडचा काठ. आज तो पलीकडचा काठ शहराच्या पोटात आलाय, आणि मेट्रोच्या स्टेशनचं नावच एस्तादिओ, म्हणजे स्टेडियम. लाल शर्टवाला इंदिपेंदिएन्ते मेदेयीन (१९१३) आणि हिरव्या-पांढऱ्या शर्टवाला आत्लेतिको नासिओनाल (१९४७), दोघांचं घरचं मैदान हेच. नासिओनालने १९८९ मध्ये लिबेर्तादोरेस कप, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकला, कोलंबियाच्या क्लबने पहिल्यांदाच, पण फायनलची घरची मॅच राजधानी बोगोतात खेळावी लागली.

खरं फुटबॉल मात्र वर, वस्त्यांमध्ये. मैदानाला तिथं कांचा म्हणतात. शेजारीपाजारी मिळून श्रमदान करायचे, त्याला कोन्वीते म्हणतात, रस्ते, पायऱ्या, पाण्याच्या लाइनी त्यातूनच झाल्या आणि कांचासाठी जमीन सपाट करायची कामंही. गच्च घरांमधला तेवढाच मोकळा तुकडा, म्हणून सभा, जत्रा, सगळं तिथंच. कास्तिल्या वस्तीतून गोलकीपर रेने इगीता आला, तो अशाच गल्ल्यांतला.

ऐंशीच्या दशकात कोकेनचा तस्कर पाब्लो एस्कोबारने गरीब वस्त्यांमध्ये कांचा बांधून दिल्या, दिवे लावले. महापालिका पोचली नव्हती तिथं तो पोचला, हे मान्यच करायला पाहिजे, पण पैसा कोकेनचा होता आणि त्याच वस्त्यांतली पोरं त्याच्यासाठी मारत आणि मरत होती. १९९१ च्या सुमाराला खुनांचं प्रमाण दर लाखामागे साडेतीनशेच्या वर गेलं होतं. २ जुलै १९९४ ला कोलंबियाचा डिफेंडर आंद्रेस एस्कोबारला इथंच गोळ्या घातल्या, वर्ल्ड कपमधल्या स्वतःच्याच जाळ्यात गेलेल्या गोलनंतर दहा दिवसांनी (पाब्लोशी त्याचं काही नातं नव्हतं, आडनाव फक्त सारखं). त्यानंतर शहरात शांततेसाठी फुटबॉल अशी चळवळ उभी राहिली, मुलं-मुली एकत्र खेळायची, पहिला गोल मुलीनेच करायचा असा नियम.

२००४ मध्ये मेट्रोची केबल कार सांतो दोमिंगो वस्तीच्या चढापर्यंत गेली. तिच्यातून खाली बघितलं की विटांच्या लाल घरांची दाटी दिसते, आणि मध्येच कुठंतरी एक रिकामा चौकोन, दोन गोलपोस्ट असलेला.