गॅलरी म्हणजे कपाट नव्हे

"अगं, बारशाचे सगळे फोटो गेले!" मावशीचा आवाज रडवेला झाला होता. मी तिला एवढंच म्हटलं, "आता फोनला हात लावू नकोस, मी येते."

अँड्रॉइड फोनमधल्या गॅलरीला आपण कपाट समजतो. खरं तर ती वाचनालयातल्या सूचीसारखी असते. फोटो असतात फोल्डरांमध्ये. फोनमधला मीडिया स्कॅनर ते फोल्डर पाहतो आणि नाव, तारीख, जागा अशी नोंद मीडियास्टोअर नावाच्या डेटाबेसमध्ये करतो. गॅलरी बहुधा तेवढी नोंद वाचते. म्हणून नोंद निघाली की फोटो दिसेनासा होतो, पण तो जागेवर असू शकतो.

मावशीच्या फोनमध्ये फाइल मॅनेजर उघडला, 'लपवलेल्या फाइल दाखवा' हा पर्याय चालू केला. 'सगळे एका जागी असावेत' म्हणून तिने कॅमेऱ्यातले फोटो व्हॉट्सॲपच्या इमेजेस फोल्डरात हलवले होते, आणि ते जाऊन पडले होते आतल्या 'सेंट' नावाच्या फोल्डरात. तिथे फोटोंच्या शेजारीच '.नोमीडिया' नावाची एक फाइल होती. आकार शून्य बाइट. तिच्यात एक अक्षरही नसतं. पण ती ज्या फोल्डरात असते, त्यातलं काहीही स्कॅनर गॅलरीच्या यादीत घेत नाही. ही सोय मला मनापासून आवडते. ती नसती तर गाण्यांच्या ॲपमधली मुखपृष्ठं आणि कुठकुठली चिन्हं घरच्या फोटोंत मिसळली असती. टिंबाने सुरू होणाऱ्या नावाचा फोल्डरही असाच लपतो.

फोटो फोल्डरातही नसतील तर कचरापेटी बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप घेतलेला फोटो 60 दिवस तिथे राहतो, बॅकअप नसलेला 30 दिवस. मुख्य यादीतून बाजूला काढलेले फोटो जिथे जातात, त्या 'अर्काइव्ह'मध्येही डोकावा; चुकून बोट लागून तिथे गेलेले फोटो मी कितीदा तरी पाहिलेत.

कचरापेटीही रिकामी असेल, तर मात्र 'डिलीट झालेलं परत आणतो' म्हणणाऱ्या ॲपवर भिस्त ठेवू नका. 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून नव्या फोनमधली साठवण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी असते, आणि पुसलेल्या जागेतला जुना मजकूर फोन स्वतःच साफ करत राहतो. अशा ॲपच्या हाती बहुतेकदा छोट्या, धूसर प्रतिमाच लागतात. मेमरी कार्डाची गोष्ट वेगळी. तिथे फाइल पुसली की सहसा फक्त 'ही जागा मोकळी' अशी नोंद होते आणि नवीन काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तसाच राहतो. म्हणून कार्ड लगेच काढा, त्यावर एकही नवा फोटो काढू नका, आणि संगणकाला जोडून फोटोरेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने शोध घ्या.

मावशीचे फोटो मी 'पिक्चर्स' फोल्डरात हलवले आणि फोन बंद करून चालू केला, म्हणजे स्कॅनर पुन्हा फिरतो. तरी ती म्हणाली, "कुठायत? नाही दिसत." ती सगळ्यात वर, आजच्या तारखेखाली बघत होती. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत तो कधी काढला ती वेळ आतच लिहिलेली असते, आणि गॅलरी त्याच क्रमाने लावते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती गळते, म्हणून तो आला त्या दिवसाखाली दिसतो. मी बोटाने यादी खाली सरकवत फेब्रुवारीपर्यंत नेली. पाळण्याच्या दोरीला बांधलेला झेंडूचा हार आधी दिसला, मग बाळ.