पार्श्वभूमी : इराण्याचा ब्रून आणि लाकडाची भट्टी

मुंबईत इराण्याकडे सकाळी काय मागवायचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. वाद आहे तो बशीतल्या ब्रूनचा, म्हणजे कडक कवचाच्या पावाचा. खरं तर ब्रूनचाही नाही, तो ज्या भट्टीत भाजला जातो तिचा: बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडावा असा न्यायालयाचा आदेश आला, आणि त्याने इराण्याची हॉटेलं बुडतील, ब्रूनची चव जाईल, अशी ओरड सुरू झाली.

ही हॉटेलं उभी राहिली ती १९ व्या शतकाच्या अखेरीस आणि २० व्याच्या पहिल्या काही दशकांत. इराणमधल्या याझ्द आणि केरमानकडचे जरथुष्ट्री दुष्काळाला आणि छळाला कंटाळून इकडे आले. पुढे इराणी मुसलमानही या धंद्यात उतरले. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, ही कथा सगळीकडे सांगतात. तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. दोन रस्त्यांवरून गिऱ्हाईक आत येतं, एवढं कारण चहावाल्याला पुरेसं होतं.

त्यापेक्षा महत्त्वाचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली, म्हणून एका चहावर तासभर बसणारं गिऱ्हाईक मालकाला परवडत राहिलं. पण त्याच कायद्यामुळे पागडीला मोल आलं. मुलं गल्ल्यावर बसायला तयार नसली, की जागा सोडून मिळणारी रक्कम वर्षानुवर्षं मस्का विकून मिळणार नव्हती. त्यात उडुप्यांनी इडली-डोशाची न्याहारी आणली, काही इराण्यांनी स्वतःच बिअर विकायला घेतली. हॉटेलं रोडावली ती तेव्हा. आज त्याचं खापर भट्टीच्या आदेशावर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही.

तो आदेश जानेवारी २०२५ चा. शहराच्या हवेबद्दल स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना हरित इंधनाकडे वळायला सहा महिने दिले. पालिकेच्या मनात वर्षभराची मुदत होती. जुन्या भट्ट्यांना वारसा म्हणून सूट द्या, अशी मागणी लगेच पुढे आली. बेकरीवाल्यांची अडचण वेगळी होती: गल्लीत पाइपचा गॅस नाही, दाटीवाटीत सिलिंडर ठेवायचे कुठे, आणि खर्च कोण देणार.

या वादात दोन गोष्टी एकात मिसळल्या, इंधन आणि भट्टी. अनेक बेकऱ्यांत जळतं ते सरपण नसतं. मोडक्या फर्निचरचं, प्लायवुडचं भंगार स्वस्त पडतं. त्यातला रंग आणि गोंद जळून निघणारा धूर शेजारच्या चाळीत जातो. त्याला वारसा म्हणणं जड जातं. लाकडामुळे पावाला ‘धुराची चव’ येते, हाही बराचसा भ्रम. विटांच्या भट्टीत आधी जाळ करतात, विटा तापल्या की निखारे ओढून काढतात किंवा कडेला सारतात, ओल्या गोणपाटाने तळ पुसतात आणि मगच पाव आत सरकवतात. भाजतं ते विटांत साठलेल्या उष्णतेवर. पहिल्या कडक तापावर, साधारण २३० ते २५० अंशांवर, ब्रून. मग साधा पाव, मग बन, त्यानंतर केक, आणि अगदी शेवटी टोस्ट सुकवायला.

ब्रूनच्या कणकेत मैदा, पाणी, मीठ, खमीर. तूप-साखर जवळजवळ नाही. म्हणून त्याचं सगळं यश तळाच्या तापात आणि पहिल्या काही मिनिटांच्या वाफेत. बंद भट्टीत खच्चून पाव भरला की कणकेचीच वाफ कोंडते, साल मऊ राहते, पाव फुगतो आणि नंतर कवच धरतं. पंख्याच्या फिरत्या ओव्हनमध्ये गरम वारा साल आधीच सुकवतो. पाव खुरटतो, कवच पातळ आणि बिस्किटासारखं होतं. सुरुवातीला वाफ सोडणारा, दगडी तळाचा ओव्हन घेतला तर हे बरंच टळतं.

जुन्याच भट्टीला गॅसचा बर्नर बसवता येतो. तिथे नेहमीची चूक घाईची. ज्वाळेने आतली हवा आणि छत आधी तापतं, तळ थंड राहतो. ब्रून वरून तांबूस आणि बुडाला पांढरा निघतो. हवेचा नव्हे, तळाच्या विटांचा ताप मोजावा, आणि विटांना मुरायला वेळ द्यावा. आदेशात भट्टी पाडायला सांगितलेलं नाही, ही गोष्ट बातम्यांत फारशी आलीच नाही.

ज्या हॉटेलांची स्वतःची बेकरी नाही, ती ब्रून बाहेरून आणतात. गरम ब्रून प्लास्टिकच्या पिशवीत भरला की तासाभरात चिवट होतो, पावसाळ्यात त्याहून लवकर. तव्यावर शेकून तो पुन्हा कुरकुरीत होतो, पण थोडाच वेळ. म्हणून मस्का लावून ताटकळत ठेवलेला ब्रून परत पाठवायला संकोच करू नये.