चार दशांश सेकंदांचा संघ

२०१५ च्या मोसमात शिकागो कब्स आणि न्यूयॉर्क मेट्स हे बेसबॉल संघ सात वेळा समोरासमोर आले आणि सातही सामने कब्सने जिंकले. ऑक्टोबरात नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत दोघांची पुन्हा गाठ पडली, तेव्हा मेट्सने त्यांना ४-० अशी धूळ चारली. चार सामन्यांत कब्सला एकदाही, क्षणभरही आघाडी मिळाली नाही. त्यांची फलंदाजीची सरासरी होती ०.१६४, म्हणजे सहा प्रयत्नांत जेमतेम एक हिट (फलंदाजाला सुखरूप तळावर पोहोचवणारा फटका). मोसमात ९७ सामने जिंकलेला, ब्रायंट, रिझो, श्वार्बर अशी दांडगी पोरं असलेला संघ असा एकदम ढेपाळला कसा?

दडपण, अनुभवाची कमतरता ही कारणं अशा वेळी हमखास पुढे येतात. ती खोटी असतील असं नाही, पण त्याआधी घड्याळाकडे बघायला हवं.

मेट्सकडे चार तरुण पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, होते: मॅट हार्वी २६ वर्षांचा, जेकब डीग्रॉम २७, स्टीव्हन मॅट्झ २४ आणि नोआ सिंडरगार्ड अवघा २३. सिंडरगार्डचा वेगवान चेंडू सरासरी ताशी १५६ किलोमीटरच्या आसपास असायचा. पिचर उभा असतो ती जागा होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, १८.४४ मीटरवर, पण तो लांब पाऊल टाकून पुढे झेपावतो. त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तो साधारण साडेसोळा मीटरवर. एवढं अंतर कापायला या चेंडूला सुमारे ०.४ सेकंद लागतात.

आता या ०.४ सेकंदांची वाटणी बघा. डोळ्यांनी चेंडू टिपून मेंदूला त्याचा अर्थ लागेपर्यंत सुमारे ०.१ सेकंद जातो. बॅट फिरवायला ०.१५ सेकंद. उरले ०.१५. मारायचा की सोडायचा, वर की खाली, जोरात की अलगद, सगळं एवढ्यातच ठरवायचं. बॅट फिरू लागते तेव्हा चेंडू अजून सहा मीटर दूर असतो आणि त्यानंतर निर्णय फिरवणं जवळपास अशक्य असतं. म्हणजे फलंदाज चेंडू बघून मारतो असं म्हणणं अर्धवटच खरं आहे. तो चेंडूची सुरुवात बघतो आणि पुढचा अंदाज बांधतो.

शेवटच्या टप्प्यात तर चेंडू नीट दिसतही नाही. बेसबॉलच्या फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल मोजणारं संशोधन १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं. मुरलेल्या व्यावसायिक खेळाडूची नजरसुद्धा प्लेटपासून दीडेक मीटरवर मागे पडते, असं त्यात दिसलं. चेंडू जवळ आला की त्याचा कोन इतक्या झपाट्याने बदलतो की डोळ्यांना पाठलाग झेपत नाही. क्रिकेटमध्ये यावर एक तोड आहे: चेंडू कुठे टप्पा घेणार हे ताडून फलंदाजाची नजर आधीच तिथे उडी मारते. २००० सालच्या एका अभ्यासात हे मोजून दाखवलं गेलं. बेसबॉलमध्ये टप्पाच नसतो, त्यामुळे नजरेला थांबा मिळत नाही.

बरं, चेंडू सरळ येतो असंही नाही. मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेऱ्यांची उलटी फिरकी घेऊन तो येतो. या फिरकीमुळे हवा खाली ढकलली जाते आणि चेंडूला वरच्या दिशेने आधार मिळतो. हाच मॅग्नस परिणाम. एरवी ०.४ सेकंदांत गुरुत्वाकर्षणाने चेंडू ७८ सेंटिमीटर खाली यायला हवा. प्रत्यक्षात तो त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. मेंदूचा अंदाज थोड्या संथ चेंडूंवर घोटलेला असतो, म्हणून बॅट चेंडूखालून निघून जाते आणि फलंदाज शपथेवर सांगतो की चेंडू वर उसळला. उसळलेला नसतो, अपेक्षेइतका पडलेला नसतो.

याच हाताने, याच झटक्यात पिचर ताशी १४० किलोमीटरचा चेंडूही टाकतो. तो प्लेटपाशी सुमारे ०.०५ सेकंद उशिरा पोहोचतो. वेगवान चेंडूच्या हिशेबाने बॅट फिरवली, तर बॅट येऊन पोहोचते तेव्हा हा चेंडू जवळजवळ दोन मीटर मागेच असतो. आणि वेळ साताठ मिलिसेकंदांनी चुकली तरी फटका फाउल, म्हणजे मैदानाच्या वैध रेषांबाहेर, जातो! तीनशे मिलिसेकंदांपूर्वी हे दोन चेंडू फलंदाजाला जवळपास सारखेच दिसत होते.

इथे कब्सचा स्वभाव आड आला. त्या मोसमात सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट (चांगले चेंडू तीनदा हुकवून किंवा सोडून बाद होणं) त्यांचेच होते, १,५१८. ताकदीने, मोठा घुमाव घेऊन होम रन मारायचे हा त्यांचा खाक्या. वेग मध्यम असेल तेव्हा हा सौदा परवडतो, पण इतक्या वेगापुढे चुकीला जागाच उरत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चार सामने हा नमुना फार लहान. कब्सची मोसमातली सरासरी ०.२४४ होती. सव्वाशे प्रयत्नांत तीसेक हिट अपेक्षित, तिथे वीसेक मिळाले. साधी संभाव्यता मांडली तर निव्वळ नशिबानेही पन्नासात एखाद्या वेळी असं घडू शकतं. एवढ्यावरून सिद्धान्त मांडणाऱ्याचे कान धरावेत.

पण लगेच पुढचा प्रयोग झाला. जागतिक मालिकेत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम लढतीत, मेट्सपुढे आले कॅन्सस सिटी रॉयल्स. मोसमात सगळ्यात कमी स्ट्राइकआउट यांचे, ९७३. छोटा घुमाव, आधी चेंडूला बॅट लावायची, मग बघू. दुसऱ्या सामन्यात डीग्रॉमने ९४ चेंडू टाकले. त्यातल्या फक्त तीन चेंडूंवर रॉयल्सची बॅट हवेत फिरली. पिचर तोच, हात तोच. रॉयल्सने तो सामना ७-१ असा आणि मालिका ४-१ अशी जिंकली. हाही नमुना लहानच, पण दिशा दाखवणारा.

या वेगाची किंमत मात्र कोपर मोजतं. चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यावर, इतका ताण येतो की आसपासच्या स्नायूंनी भार उचलला नाही तर तो तुटू शकतो. स्नायू कमावता येतात, अस्थिबंध त्या मानाने फारसा बळकट होत नाही. तुटल्यावर शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायुबंध काढून तिथे बसवतात. ही शस्त्रक्रिया फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरवर केली आणि नावही त्याचंच पडलं. हार्वी, डीग्रॉम आणि मॅट्झ तिघेही ही शस्त्रक्रिया होऊनच त्या मालिकेत उतरले होते. मेट्सचा पाचवा तरुण पिचर झॅक व्हीलर २०१५ च्या मार्चमध्ये त्याच टेबलावर गेल्याने अख्खा मोसम बाहेर बसला. सिंडरगार्डची पाळी २०२० च्या मार्चमध्ये आली, डीग्रॉमची दुसऱ्यांदा २०२३ मध्ये.