बुडालेल्यांना वर ओढताना

नौदलांबरोबर जाणाऱ्या चित्रकारांनी समुद्रावरची सुटका आणि मदत कशी रंगवली, त्याची ही गोष्ट; सुरुवात मात्र लढाईपासून. समुद्रावरची लढाई जागेवर जाऊन रेखाटणाऱ्यांत जुनं ठळक नाव म्हणजे डच चित्रकार थोरला विलेम व्हॅन द वेल्द. १६६६च्या इंग्रज-डच ‘चार दिवसांच्या लढाई’त तो एका छोट्या गलबतातून आरमारामागे फिरत स्केचेस करत होता. पुढे बापलेक इंग्लंडला गेले. १६७४ साली राजा दुसऱ्या चार्ल्सने दोघांना वर्षाला प्रत्येकी १०० पौंड बांधून दिले: बापाने लढाया रेखाटायच्या, मुलाने त्यांत रंग भरायचे. त्या चित्रांत मिरवतात ती जहाजं. माणसं म्हणजे डोलकाठीवरचे ठिपके.

खलाशी काम करताना जवळून दिसू लागला तो विसाव्या शतकात. ब्रिटनने १९१६मध्ये म्युरहेड बोन यांना पहिले अधिकृत युद्धचित्रकार नेमलं. १९३९मध्ये माहिती मंत्रालयाने कला-इतिहासकार केनेथ क्लार्क यांच्या अध्यक्षतेखाली युद्धचित्रांसाठी समितीच बसवली. माहिती मंत्रालय म्हणजे प्रचार आलाच, आणि इथेच सुटकेच्या चित्राची अडचण सुरू होते. वाचवलेला माणूस दाखवायचा तर आधी कुणीतरी बुडालंय हे कबूल करावं लागतं.

ब्रिटिश चित्रकार रिचर्ड युरिच यांच्या दोन चित्रांतून ते लख्ख दिसतं. मे-जून १९४०मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाख अडतीस हजारांवर सैनिक बाहेर काढले गेले. युरिच स्वतः तिथे नव्हते. फोटो आणि प्रत्यक्षदर्शींच्या हकिगतींवरून त्यांनी ते दृश्य रंगवलं. आपल्याच सैनिकांची माघार, पण लोकांना ती विजयासारखी वाटली. चित्राचं कौतुक झालं आणि पुढच्या वर्षी नौदलाने युरिचना आपल्याकडे घेतलं. १९४२मध्ये त्यांनी टॉर्पेडोने बुडालेल्या जहाजावरून वाचलेले लोक काढले. उलट्या झालेल्या होडीला चिकटलेली तीन माणसं आणि भोवती नुसतं पाणी. व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं मन खचेल या धास्तीने हे चित्र प्रदर्शनातून काढून घेतलं गेलं. माझ्या मते त्यांचं हेच चित्र अधिक खरं.

अमेरिकेत भित्तिचित्रकार ग्रिफिथ बेली कोल यांनी चित्रकारांना बरोबर न्यायची कल्पना नौदलाच्या गळी उतरवली आणि १९४१मध्ये गणवेश चढवून ते अटलांटिकवर गेले. ३१ ऑक्टोबरला आइसलंडजवळ त्याच ताफ्यातली ‘रूबेन जेम्स’ ही विनाशिका त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली. किमान शंभर माणसं गेली, तीही अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी. वर्षभराच्या आतच, २ सप्टेंबर १९४२ रोजी, ब्रिटिश चित्रकार एरिक रॅव्हिलियस आइसलंडहूनच एका विमानातून निघाले. आदल्या दिवशी बेपत्ता झालेलं दुसरं विमान शोधायचं होतं. त्यांचंही विमान परतलं नाही. ते ३९ वर्षांचे होते.

शीतयुद्ध संपल्यावर नौदलांच्या कामात मदतकार्याचा वाटा ठळक झाला. व्हिएतनामनंतर ऑस्ट्रेलियाने पहिल्यांदा अधिकृत चित्रकार पाठवले ते १९९९मध्ये पूर्व तिमोरला, शांतिसेनेबरोबर: वेंडी शार्प आणि रिक अमोर. २००२मध्ये ऑस्ट्रेलियाचेच पीटर चर्चर आखातात ‘कनिंब्ला’ या युद्धनौकेवर राहून नौसैनिकांना रंगवत होते. तीच ‘कनिंब्ला’ २००५च्या जानेवारीत त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इंडोनेशियातल्या आचेला मदत घेऊन गेली. (येमेनमधून २०१५ साली लोकांना बाहेर काढणारी आपली ‘आयएनएस मुंबई’ मला तरी आठवते ती छायाचित्रांतून.)

युरिचची अडचण आता उलटी झाली आहे. पाण्याचे कॅन उतरवणारा नौसैनिक कुठल्याही नौदलाला हवाहवासा, त्यामुळे अडवणूक कमी आणि गोडगोड काढण्याचा मोह जास्त. फोटोग्राफर आधीच पोचलेला असतो, तेव्हा चित्रकाराच्या वाट्याला उरतं ते थांबणं, तासभर एकाच माणसाकडे बघत बसणं. लढाई रेखाटणारा हातच आता मदतकार्य रेखाटतो: २०१०च्या भूकंपानंतर हैतीत गेलेले अमेरिकन मरीन चित्रकार क्रिस्टोफर बॅटल्स त्याआधी इराक आणि अफगाणिस्तानात स्केचबुक घेऊन फिरले होते.