डोळ्यातला दाह शमवणारी प्रथिने: पार्श्वभूमी

लुई ब्रेल तीन वर्षांचा होता तेव्हा वडिलांच्या चामडे कामाच्या जागी खेळताना त्याच्या एका डोळ्यात आरी घुसली. इजा एकाच डोळ्याला झाली होती, तरी पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. ही घटना १८१२ सालची. दुसऱ्या डोळ्यालाही जंतुसंसर्ग झाला असावा, असे पूर्वी सांगत. आजचे अनेक नेत्रतज्ज्ञ वेगळी शक्यता मांडतात. एरवी रोगप्रतिकारक पेशींच्या दृष्टीआड असलेले डोळ्यातले पदार्थ जखमेमुळे त्यांच्यासमोर आले, शरीराने ते परके ठरवले आणि चांगल्या डोळ्यावरही हल्ला केला. शरीर स्वतःच्याच डोळ्याविरुद्ध उठू शकते, ही कल्पना अँटोन एल्श्निग यांनी १९१० मध्ये मांडली. नंतर दृष्टिपटलातली प्रथिने टोचून प्राण्यांमध्ये असाच दाह घडवता आला आणि त्या कल्पनेला प्रयोगाचा आधार मिळाला.

डोळ्याच्या आतल्या या दाहाला युव्हिआयटिस म्हणतात. काही वेळा त्यामागे क्षय, नागीण असा संसर्ग असतो. पण जंतू सापडत नाही आणि दाह पुन्हा पुन्हा उलटतो, तेव्हा खरी पंचाईत होते. पुढचे सगळे या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

उपचारांचे चित्र पालटले ते कॉर्टिसोन या स्टिरॉइडमुळे. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रुग्णाला दिले. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडाल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळाले. नेत्रतज्ज्ञांनीही ते लगेच उचलले. आजही स्टिरॉइडइतक्या झटकन दाह उतरवणारे औषध क्वचितच हाताशी असते. त्याची किंमत मात्र डोळ्यालाच मोजावी लागते: दीर्घकाळ वापरले तर मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. दृष्टी वाचवण्यासाठी दिलेल्या औषधानेच ती जाऊ नये, म्हणून पर्यायांचा शोध सुरू झाला. १९८० च्या दशकात रॉबर्ट नुसेनब्लाट यांनी युव्हिआयटिससाठी सायक्लोस्पोरिन वापरून पाहिले. तेही सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारेच औषध होते आणि मूत्रपिंडांना ते सोसत नसे.

या सगळ्याशी संबंध नसलेला एक धागा दुसरीकडे विणला जात होता, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. १९४८ मध्येच पीटर मेदावार यांनी दाखवले, की सशाच्या डोळ्याच्या पुढच्या पोकळीत लावलेले परक्या सशाच्या त्वचेचे कलम शरीर सहसा नाकारत नाही. त्यात रक्तवाहिन्या शिरल्या नाहीत, तर ते टिकते. डोळा हा प्रतिकारशक्तीपासून लपलेला कोपरा आहे, एवढाच अर्थ तेव्हा निघाला. १९७० च्या दशकात वेन स्ट्राइलिन आणि सहकाऱ्यांनी तो अर्थ बदलला. डोळा लपून बसत नाही, तो प्रतिकारक पेशींना शांत राहायला शिकवतो. डोळ्यातल्या पाण्यासारख्या द्रवात टीजीएफ-बीटा हे प्रथिन आणि अल्फा-एमएसएच हा छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण आखूड साखळी, सापडला. दोन्ही दाह आवरणारे. म्हणजे ज्या औषधाच्या शोधात आपण होतो, त्याचा एक नमुना डोळ्यातच होता.

तरी प्रथिनांचा पहिला मोठा विजय आला तो उलट्या दिशेने. दाह शमवणारे प्रथिन देण्याऐवजी दाह पेटवणारे टीएनएफ हे प्रथिन अडवायचे. त्याला घट्ट पकडणारी प्रतिपिंडे आधी संधिवात आणि आतड्यांच्या आजारांसाठी आली. मग त्यांपैकी इन्फ्लिक्सिमॅब बेहचेट या रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आजारातल्या युव्हिआयटिसवर वापरले गेले. २०१६ मध्ये अडालिमुमॅब या तशाच प्रतिपिंडाला अमेरिकेत संसर्गाशिवायच्या, डोळ्याच्या मधल्या व मागच्या भागातल्या युव्हिआयटिससाठी मंजुरी मिळाली. त्यामागच्या एका चाचणीत दाह पुन्हा बळावून उपचार फसेपर्यंतचा मध्यक काळ औषध घेणाऱ्यांत २४ आठवडे होता, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली नकली मात्रा, घेणाऱ्यांत १३. फरक खरा आहे, पण हे बरे होणे नव्हे. शिवाय टीएनएफ अडवला की शरीरात दबून राहिलेला क्षय डोके वर काढू शकतो, म्हणून औषध सुरू करण्याआधी त्याची तपासणी करावीच लागते.

अडवण्याचा मार्ग वाटतो तितका सरळही नाही. टीएनएफलाच बांधणारे एटानरसेप्ट संधिवातात उत्तम चालते, युव्हिआयटिसमध्ये मात्र फिके पडते. उंदरांमधल्या प्रयोगांनी आयएल-१७ या दाह पेटवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाकडे बोट दाखवले होते, पण ते अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबला रुग्णांवरच्या तीन मोठ्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट गाठता आले नाही. उंदराच्या डोळ्यात पटलेले तर्क माणसाच्या डोळ्यात कसे कोलमडतात, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण शोधावे लागेल.

म्हणूनच लक्ष पुन्हा शमवणाऱ्या प्रथिनांकडे वळले. २००७ मध्ये वर्णन झालेले आयएल-३५ हे त्यांतले चर्चेतले नाव. २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधील चार्ल्स एग्वागू यांच्या गटाने उंदरांमध्ये ते टोचून युव्हिआयटिस आटोक्यात आणला. नुसता दाह दबला एवढेच नव्हे, तर काही बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्रतिकारक पेशी) नियामक, म्हणजे दाह आवरणाऱ्या, बनल्या आणि स्वतःच आयएल-३५ तयार करू लागल्या. शरीरालाच आवर घालायला शिकवणारे हे औषध ठरेल का, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

अडचणी मात्र ठोस आहेत. आयएल-३५ दोन साखळ्यांचे बनलेले असते आणि त्या सहज सुट्या होतात, त्यामुळे ते टिकाऊ रूपात बनवणे अवघड जाते. संशोधकांनी त्यातली एकच साखळी वापरून पाहिली, तसेच ते प्रथिन वाहून नेणाऱ्या पेशींच्या सूक्ष्म पिशव्याही. थेंब म्हणून द्यावे, तर एवढे मोठे रेणू पारपटलातून आत शिरत नाहीत. डोळ्यात सुई टोचावी, तर प्रथिन तिथून लवकर निघून जाते आणि दर खेपेला जंतुसंसर्गाचा थोडा धोका उरतोच. रक्तातून द्यावे, तर परिणाम सगळ्या शरीरावर होतो, आणि स्टिरॉइडच्या बाबतीत नेमके तेच टाळायचे होते.